‘विश्रांती घ्या’ म्हणजे किती?

महोदय,

माझ्या यजमानांच्या हृदयाचे ‘पंपिंग’ (दर ठोक्याला हृदयातले किती रक्त बाहेर ढकलले जाते, ते प्रमाण) ३० टक्क्यांवर आल्याचे निदान गेल्या वर्षी झाले. रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर सात औषधांच्या खाली एकच ओळ होती : ‘विश्रांती घ्या.’ किती दिवस, हे कोणी सांगितले नाही. परिणामी मंडईतून पिशव्या घेऊन दोन जिने चढणारा माणूस चार महिने आरामखुर्चीत बसून राहिला. पाण्याचा तांब्यासुद्धा आम्ही त्यांच्या हातात देत होतो. या सेवेने त्यांच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या, की दम हृदयामुळे लागतो की पायांतले बळ गेल्यामुळे, हेच कळेनासे झाले.

प्रकृती स्थिरावलेल्या अशा रुग्णांसाठी नियोजनबद्ध व्यायाम सुरक्षित असल्याचे २,३३१ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यासाने २००९ मध्येच दाखवून दिले होते. अमेरिकेतील मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना २०१४ पासून ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या स्थिर रुग्णांच्या देखरेखीखालील व्यायामाचा खर्च उचलते. आपल्याकडच्या बहुतेक विमा पॉलिसी मात्र खाटेवर पडलेल्या रुग्णाचा विचार करतात, उठून चालू लागलेल्याचा नाही.

आम्हाला हा मार्ग एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी योगायोगानेच दाखवला. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, हे त्यांनी दवाखान्याच्या बोळात मोजले. ते भरले १९० मीटर. चालताना बोलता आले पाहिजे, बोलता येईनासे झाले की वेग कमी करायचा, ही त्यांची साधी कसोटी होती. रोज सकाळी वजन करून ते कालनिर्णयाच्या चौकटीत लिहायचे आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साठत असल्याची शंका घेऊन लगेच डॉक्टरांना कळवायचे, हेही त्यांनीच शिकवले. (तोवर आमच्याकडे भाजी अळणी आणि ताटात लोणचे, असा पथ्याचा प्रकार चालू होता!) दहा आठवड्यांनी तेच अंतर ३१० मीटर झाले.

यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. लागला तो मोकळा बोळ, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि जाणकार माणूस. जिथे फिजिओथेरपी विभाग आहे, अशा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस हे सुरू करता येईल. ते होईपर्यंत घरी सोडतानाच्या कागदावर निदान रोज किती मिनिटे चालायचे आणि कोणता त्रास होताच थांबायचे, एवढे तरी मराठीत लिहून द्यावे, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक वाचक, सातारा