वाशिष्ठीचे पाणी आणि 29 मिमीचा जुलै

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला कोकणच्या जलचक्रावरचा लेख वाचला. एरा-5 सारखा रीॲनालिसिस (जुनी निरीक्षणे आणि संगणकी हवामान-प्रतिमान मिसळून केलेली हवामानाची नोंद) मराठी वाचकांपर्यंत नेलात, अभिनंदन. पण रत्नागिरीचा जुलैचा पाऊस ‘29 मिमी’ छापताना कोणालाच काही खटकले नाही? एवढा पाऊस आमच्याकडे छत्री उघडेपर्यंत पडतो.

एरा-5 च्या मासिक फाइलमध्ये पाऊस मीटरमध्ये असतो, आणि तोही दर दिवसाच्या सरासरीने. 1000 ने गुणून थांबायचे नसते, महिन्याच्या दिवसांनीही गुणायचे. 29 गुणिले 31, झाले 899. बाष्पीभवनाच्या उणे चिन्हाचेही तेच: त्या पद्धतीत खाली येणारे पाणी अधिक, वर जाणारे उणे. लेखाने त्यावरून ‘बाष्पीभवन घटले’ असा उपमथळाच दिला!

पुढच्या भागात एरा-5 लँडची (त्याचीच फक्त जमिनीसाठीची, बारीक आवृत्ती) ताशी माहिती वापरणार म्हणता, तर जपून. तिथे पावसाचा आकडा 00 यूटीसीपासून (जागतिक वेळेची मध्यरात्र, आपली पहाट साडेपाचची) साचत जातो. आधीच्या तासाचा आकडा वजा न करता चोवीसही आकडे मिळवले, तर दिवसभर एकसारख्या लागलेल्या पावसाची बेरीज साडेबारा पट फुगते. शिवाय त्याचे चौकोन 9 किमीचे असले तरी पाऊस मूळ एरा-5 च्या 31 किमीच्या चौकोनांतूनच पसरवलेला असतो. किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत असे चौकोन बसतात जेमतेम दोन-तीन, आणि त्यांत सह्याद्रीचा कडा घासून उतार होतो.

हे सगळे एक वेळ हिशेबाची चूक म्हणून सोडून देऊ. वाशिष्ठीचे काय? ‘एप्रिल-मेमध्येही नदी वाहती, म्हणजे खोऱ्यात भूजलाचा मोठा साठा’ हे वाक्य चिपळुणात कोणालाही वाचून दाखवा. ते कोयनेचे अवजल, म्हणजे वीजघरातून सोडलेले पाणी, आहे हो! सह्याद्रीच्या पलीकडचे, कृष्णा खोऱ्यातले पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरते, वीज करते आणि कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी ठरवलेली वार्षिक मर्यादा 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे सुमारे 1,900 दशलक्ष घनमीटर. खोरे 2,000 चौरस किलोमीटरचे धरले तर सगळ्या खोऱ्यावर जवळजवळ 950 मिमी जादा पाऊस पडल्यासारखे ते होते. एरा-5 ला धरणही माहीत नाही आणि वीजघरही. त्याचा अपवाह (जमिनीवरून व मातीतून वाहून जाणारे पाणी) पाऊस आणि त्याच्या मातीतूनच निघतो. नदीवर मोजलेल्या प्रवाहातून अवजल आधी वजा करायचे, मग पावसाशी ताळा घालायचा. तरीही शिल्लक शून्य येणार नाही, कारण निरीक्षणे मिसळताना प्रतिमानातल्या बाष्पाला दर खेपेस थोडा धक्का दिला जातो. त्या उरलेल्या आकड्याला ‘भूजल’ म्हणून मोकळे होऊ नये.

आणि भूजल साठणार कुठे? एरा-5 च्या जमिनीत सगळीकडे 2.89 मीटर माती धरलेली असते. आमच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, पायाखाली थेट जांभा. पावसाचे पाणी पऱ्ह्याला (ओढ्याला) लागते आणि खाडीत जाते. मे महिन्यात टँकर का येतो, याचे उत्तर त्या लेखातल्या हिरव्या नकाशात नाही.

जाता जाता, तुमच्या रोजच्या पाऊस-चौकटीविषयीही. नऊ तालुक्यांचे आकडे मिळवून ‘जिल्ह्यात एकूण 810 मिमी पाऊस’ असे छापू नका. पाऊस ही खोली आहे, नऊ विहिरींच्या खोल्यांची कोणी बेरीज करत नाही. नऊने भागा, 90 छापा, आणि आकडा सकाळी साडेआठपर्यंतचा आहे हेही लिहा. ही सूचना यापूर्वी दोनदा पाठवली होती, छापलीत ती शेवटची ओळ कापून.

– एक वाचक, चिपळूण