विनाड्रायव्हर गाडी जुनी झाल्यावर काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सेल्फ-ड्रायव्हिंग गाड्यांवर हल्ली खूप छापून येतं, पण ते सगळं नव्या कोऱ्या गाडीबद्दल. हीच गाडी दहा-बारा वर्षांची झाली, तिसऱ्या मालकाकडे गेली की काय, हे कुणी विचारतच नाही आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

मागे माझ्या गाडीची पुढची काच खडा लागून तडकली. बदलून घेतली, काम झकास दिसत होतं, पण दुसऱ्या दिवसापासून गाडी लेनच्या मधोमध असली तरी लेन सुटल्याचा अलार्म वाजायला लागला. आरशामागचा कॅमेरा केसभर हलला होता आणि त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा कोन पुन्हा नीट जुळवून घेणं, राहून गेलं होतं. मी स्वतः चालवत होतो म्हणून नुसता वैताग आला, पण स्टिअरिंगच त्या कॅमेऱ्याच्या हातात असतं तर?

मान्य आहे, विनाड्रायव्हर गाडीत एका कॅमेऱ्यावर भिस्त नसते, बहुतेक गाड्यांत रडार असतो, बऱ्याच गाड्यांत लायडार (लेझरने अंतर मोजणारं यंत्र) पण असतो. पण म्हणजे झिजणाऱ्या वस्तूही तेवढ्याच वाढल्या ना! बंपरला लांबी (पुट्टी) भरून जाड रंग मारला तरी त्यामागच्या रडारला नीट दिसत नाही. वेमोसारख्या अमेरिकन कंपनीच्या विनाड्रायव्हर टॅक्सी रोज डेपोत जातात, तिथे त्यांची साफसफाई, तपासणी होते, त्यामुळे त्यांचा रेकॉर्ड चांगला असला तरी त्यावरून घरच्या जुन्या गाडीचा अंदाज बांधता येत नाही.

टेस्लाचंच बघा. 2021 मध्ये त्यांना अमेरिकेत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण स्क्रीन चालवणारी 8 जीबीची मेमरी चिप पाच-सहा वर्षांत तिच्यावर सतत डेटा लिहिला गेल्याने झिजत होती आणि ती गेली की मागचा कॅमेराही दिसेना. त्यावर कंपनीचं म्हणणं काय, तर असा पार्ट गाडीच्या आयुष्यभर टिकावा अशी अपेक्षा ठेवणं परवडणारं नाही. हे वाचून मी खरंच हादरलो, कारण गाडी चालवणारा कॉम्प्युटर पण शेवटी चिपांचाच बनतो. आणि कंपनीच बुडाली तर? 2024 मध्ये फिस्कर ही अमेरिकेतली इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा पुढचे सॉफ्टवेअर अपडेट कोण देणार म्हणून गाडीमालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

माझा विरोध नाहीये, ज्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांच्यासाठी तर ही गाडी वरदान आहे. पण अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीने विकतानाच लिहून द्यावं आणि सेन्सरची (कॅमेरा, रडार वगैरेंची) दरवर्षी तपासणी सक्तीची करावी. जुनी गाडी घेताना आपण टायर बघतो, इंजिनचा आवाज ऐकतो, पण सेन्सर थकलाय की नाही हे नुसतं बघून गिऱ्हाइकाला कसं कळणार?

आपला,
एक नियमित वाचक