खाजनाचा अभ्यास रविवारी होत नाही

संपादक महोदय,

दर पावसाळ्यात गोव्यात कुठला ना कुठला बांध फुटतो आणि खाजनात खारे पाणी शिरल्याची बातमी येते. शेतकरी भरपाई मागतात, पंचायत आणि कुळांची संघटना एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि चर्चेत कोणीतरी विचारतोच, की आमचे प्राध्यापक यावर संशोधन का करीत नाहीत? प्रश्न रास्त आहे. मी बार्देशातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि खाजन हाच माझा विषय आहे, तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे. या कामाला लागणारा सलग वेळ आमच्याकडे नसतो, आणि रीतसर मागितला तर आमच्या वयाच्या शिक्षकाला तो नियमांत बसवून मिळत नाही.

खाजन म्हणजे काय हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नको. मांडवी, जुवारी, शापोरा यांच्या खाड्यांलगत सुमारे १८ हजार हेक्टर जमीन पोर्तुगीज येण्याच्याही आधी आपल्या लोकांनी बांध घालून पाण्यातून काढली. मात्र तिचा अभ्यास कसा करावा लागतो, ते थोडे सांगते. जूनच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघते, तेव्हाच खाजनातल्या कोरगूट भाताचे बी धरते. किती पावसाने किती मीठ उतरले, मानशीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळच्या, कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) किती आणि डोंगरकडेच्या कुणग्यात किती, हे पेरणीपासून कापणीपर्यंत सतत मोजावे लागते. उधाणाची मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते, भांगाची लहान भरती अष्टमीच्या सुमारास, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. आज सकाळी नऊला भरलेले पाणी आठवड्याने दुपारी तीनच्या सुमारास भरते. मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. त्या वेळी तिथे हजर असलो तरच फळ्यांच्या फटींतून किती खारे पाणी आत झिरपते ते कळते. त्याच जूनमध्ये आमचे सत्र सुरू होते आणि ऑक्टोबरात, भात कापणीला येते तेव्हा, परीक्षा तोंडावर असतात. म्हणजे शेताचा हंगाम आणि महाविद्यालयाचे सत्र तंतोतंत एकमेकांवर पडतात.

"रविवारी जा की," असे मला अनेकांनी आपुलकीने सुचवले. मी रविवारी जातेच. पोंबुर्फ्याच्या बाजूला ज्या शेतकरी आजोबांच्या कुणग्यात मी मोजमाप करते, ते एकदा म्हणाले, "बाये, उदक आयतार पळोवन येना." (पाणी रविवार बघून येत नाही.) ऐन उधाणाच्या बहुतेक दिवसांचे आकडेच माझ्या वहीत नाहीत, आणि बांध फुटतो तो उधाणालाच.

म्हणून मी एका सत्राची सॅबॅटिकल रजा, म्हणजे अध्यापनातून मोकळीक देणारी पगारी संशोधन रजा, मागितली. अर्जाला संशोधनाचा आराखडा जोडला, जून ते नोव्हेंबरमधल्या उधाणांच्या तारखा जोडल्या, माझा कोणता पेपर कोण घेईल आणि बीएस्सीची प्रॅक्टिकल्स कशी वाटली जातील याचा तक्ता जोडला. तो तक्ता विभागातल्या सहकाऱ्यांनी स्वतः बसून करून दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. फाइल परत आली ती "ही रजा आपल्या श्रेणीस लागू नाही" एवढ्या शेऱ्यासह. कार्यालयाने नियम वाचूनच शेरा मारला होता, त्यामुळे माझे भांडण कार्यालयाशी नाही, नियमाशी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार सॅबॅटिकल मिळते ती सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक या पदावर सात वर्षे सेवा झालेल्या कायम शिक्षकाला. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, सबंध नोकरीत दोन वर्षे, पूर्ण पगारी. चांगली तरतूद आहे. पण ती कधी हाती लागते याचा हिशेब करून पाहा. पीएचडी घेऊन रुजू झालेल्या साहाय्यक प्राध्यापकाला पहिल्या बढतीसाठी चार वर्षे लागतात, दुसरीसाठी पाच, आणि त्यापुढे सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी तीन. सगळे वेळच्या वेळी झाले तर ही बारा वर्षे. त्यावर सात मिळवा. एकोणीस वर्षांनी, तिशीत लागलेला शिक्षक पन्नाशीला टेकलेला असताना, त्याला पहिल्यांदा अर्ज करता येतो. बढतीची मुलाखत एक-दोन वर्षे लांबली, आणि ती लांबते, तर त्याहूनही उशिरा.

याच नियमावलीने साहाय्यक प्राध्यापकावर आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचा भार ठेवला आहे, वरच्या दोन पदांवर १४ तासांचा. त्यात आयएसएचे (सत्रांतर्गत चाचण्यांचे) पेपर काढणे-तपासणे, प्रवेशाची कामे आणि २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचे वाढलेले कोर्स धरलेले नाहीत. बढतीसाठी शोधनिबंध मात्र याच वर्षांत हवे असतात. सर्वाधिक शिकवायचे, सर्वाधिक लिहायचे आणि एकही मोकळे सत्र नाही, अशी ही वर्षे. गुडघाभर चिखलात सहा-सहा तास उभे राहण्याची ताकदही याच वर्षांत असते, हे क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही पटेल. हार्वर्डने १८८० मध्ये सॅबॅटिकलची प्रथा सुरू केली तेव्हाही सातव्या वर्षाचाच हिशेब होता, पण आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत नवख्या शिक्षकाला तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आसपास, कायम होण्याआधीच, एक सत्र केवळ संशोधनासाठी देतात. त्यांना हे उमगले आहे, की संशोधनाची बैठक पहिल्या काही वर्षांत बसली नाही तर पुढे ती बसणे अवघड जाते.

साहाय्यक प्राध्यापकासाठी अध्ययन रजा आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. सलग तीन वर्षांच्या सेवेनंतर ती मागता येते, आणि आपल्या कामाशी थेट संबंध असलेला विशेष अभ्यास किंवा संशोधन हा हेतू नियमात स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही मी विचारणा केली तेव्हा तोंडी उत्तर मिळाले, की ती रजा पीएचडी करणाऱ्यांची, तुमची तर झाली आहे. हा अर्थ नियमात नाही, तो वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने त्यात शिरला आहे. माझ्या ओळखीतल्या तरुण सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो खरा मानून अर्जच केलेला नाही. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की अर्ज लेखी करा, नियमाचे कलम त्यात उद्धृत करा आणि उत्तरही लेखी मागा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती प्राचार्यांनाही नाकारता येत नाही: तास कोण घेणार? दोन-तीन शिक्षकांच्या विभागातून एक जण गेला तर उरलेल्यांवर बोजा पडतो आणि विद्यार्थ्यांचे नुकसान होते. विद्यार्थ्यांचे नुकसान करून मला रजा नको. पूर्वी आयोगाच्या योजनेत पीएचडीसाठी जाणाऱ्या शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक नेमून त्याच्या पगाराची सोय केली जात असे. तीच गोष्ट राज्याला एका सत्रापुरती करता येणार नाही का? गोव्यात नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली कितीतरी मुले लेक्चर बेसिसवर (तासिका तत्त्वावर) कामाच्या शोधात आहेत. रजेचा आदेश निघेल त्याच आदेशात बदली शिक्षकाची नेमणूक मंजूर झाली, तर सहकाऱ्यांकडे हात पसरावे लागणार नाहीत आणि एका तरुणाला सत्रभराचे काम मिळेल.

माझी उच्च शिक्षण संचालनालयाला आणि गोवा विद्यापीठाला विनंती आहे, की पाच वर्षे सेवा झालेल्या साहाय्यक प्राध्यापकासाठी एका सत्राची पगारी संशोधन रजा सुरू करावी. एकाच वेळी विभागातून एकापेक्षा जास्त जणांना ती देऊ नये. परतल्यावर ठरावीक वर्षे तिथेच सेवा करण्याचा करार लिहून घ्यावा, मी तो आनंदाने करीन. सत्र संपल्यावर केवळ शोधनिबंध न मागता, ज्या गावात काम केले तिथल्या लोकांसमोर त्यांच्या भाषेत निष्कर्ष मांडण्याची अट घालावी. माझ्यापुरते सांगायचे, तर कोणत्या मानशीच्या फळ्या आधी बदलायला हव्यात आणि बांधाची कोणती बाजू उधाणाला टिकणार नाही, हे मला बांध फुटण्याआधी पंचायतीला आणि कृषी खात्याला सांगता यायला हवे. फुटून पडीक राहिलेल्या खाजनात काही वर्षांत तिवर आणि कांदळ ही संरक्षित खारफुटी उभी राहते. त्यानंतर तिथे पुन्हा भात लावणे जमिनीच्याच नव्हे तर कायद्याच्या दृष्टीनेही कठीण होऊन बसते.

जूनच्या सत्राचा कार्यभार महाविद्यालये उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच ठरवतात. म्हणून अशा रजेचे अर्ज डिसेंबरपर्यंत घेऊन निर्णय मार्चच्या आत कळवला गेला, तर बदली शिक्षकाची मुलाखत वेळेत होईल आणि पहिल्या पावसाला आम्ही शेतात असू.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक साहाय्यक प्राध्यापिका, म्हापसा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)