किल्ली हातात आली, आता खरं सांगते

म्युनिक,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा "ठीक ना सगळं?" विचारतात, मी "हो" म्हणते आणि फोन लगेच आईकडे जातो. म्हणून कागद घेऊन बसले. भुसावळ स्टेशनवर गाडी सुटताना मी म्हणाले होते, "हॉस्टेल पक्कं झालंय." ते खोटं होतं. हातात फक्त प्रतीक्षा यादीतलं नाव होतं. तेव्हा सांगितलं असतं तर आईने मला गाडीतून उतरवलं असतं.

बाबा, तुमच्या डोळ्यांपुढे जळगावचं विद्यापीठ आहे. एकाच आवारात वर्ग, मेस, हॉस्टेल. इथं विद्यापीठ फक्त शिकवतं. खोल्यांचं बघणारी संस्था निराळी, तिला श्टुडिरेंडनवेर्क म्हणतात. प्रवेश मिळाला म्हणून खोली मिळत नाही. तिच्या खोल्या स्वस्त, त्यामुळे रांग अशी की मुलं दोन-दोन सत्रं थांबतात. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये महिला खेळाडू जिथं राहिल्या, तिथं आता विद्यार्थ्यांची छोटी छोटी घरं आहेत, भिंती मुलांनीच रंगवलेल्या. एका संध्याकाळी त्या गल्ल्यांतून उगाच फिरून आले.

बाहेर खोली घ्यायची तर या शहरात आठशे युरोसुद्धा मागतात. व्हिसासाठी आपण बँकेत अडकवलेले ११,९०४ युरो आठवतात ना? त्यातून महिन्याला ९९२ च सुटतात. तुम्हीच हिशेब करा.

आता जे सांगते ते वाचून रागावू नका. ऑगस्टमध्ये, घरीच असताना, मला एक फ्लॅट सापडला होता. भाडं निम्मं, फोटो चकचकीत. मालक म्हणे परदेशात असतो. डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. १,४०० युरो पाठवायला मी बसलेच होते. त्याच दिवशी फुले मार्केटमधून प्लगचा अडॅप्टर आणला होता, जर्मनीचा, दोन गोल पिनांचा. तो टेबलावर पडलेला आणि फोटोत ओट्यामागच्या भिंतीवर तीन चौकोनी भोकांचं सॉकेट. तसं इंग्लंडमध्ये असतं. म्हणजे ते स्वयंपाकघर म्युनिकचं नव्हतंच. त्या रात्री जेवले नाही, आईला वाटलं जायच्या काळजीने.

पहिले पाच आठवडे एका मुलीच्या रिकाम्या खोलीत पोटभाड्याने काढले. तोवर साठेक ठिकाणी लिहिलं, सात घरं पाहिली. एक स्वस्त होतं, पण मालक म्हणाला, पत्त्याची नोंदणी करता येणार नाही. ते सोडलं. इथं राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. त्याशिवाय पुढची कामं अडतात. आपल्याकडे तलाठ्याचा एक दाखला नसला की जशी सगळीकडून परत पाठवणी होते, तसंच.

आता जिथं आहे तिथं आम्ही चौघं, स्वयंपाकघर एक. खोली देण्याआधी तिघांनी मला समोर बसवून प्रश्न विचारले. मुलगी बघायलाच आले होते म्हणा ना! भांडी लगेच घासतेस का? फोनवर मोठ्याने बोलतेस का? पहिल्याला मी हो म्हटलं, दुसऱ्याला नाही. बाबा फोनवर बांधावरून हाक मारल्यासारखे बोलतात, हे मात्र सांगितलं नाही.

गेल्या रविवारी त्यांना भरीत खाऊ घातलं. वांगी भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या कुठून आणणार? ओव्हनमध्येच पाऊण तास ठेवली. इथली वांगी काळपट जांभळी, बामणोदच्या वांग्यांची सर नाही. मिरची-लसूण तेलात पडल्याबरोबर छतावरचा धुराचा भोंगा वाजला, एक जण स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत बसला. तरी पातेलं पुसून खाल्लं. केळी मात्र मी घेत नाही. दुकानात इक्वाडोरचं लेबल चिकटवलेली असतात, बघवत नाही.

भाडं इथं थंड आणि गरम, असं दोन तऱ्हेचं. हीटर-पाण्यासारखे खर्च न धरता ते थंड. माझं थंड ५२०, गरम ६४०. डिपॉझिट थंड भाड्याच्या तीनपटीहून जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. पहिला हप्ता भरला. खोलीतल्या प्रत्येक ओरखड्याचा फोटोही काढून ठेवला आहे. म्हणून बाबा, आपल्या केळीच्या पिलबागेवर व्यापाऱ्याकडून उचल घेऊ नका. भाव पडलेला असताना तर नाहीच. विद्यापीठाच्या वाचनालयात कामासाठी अर्ज दिला आहे.

आई, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? खरं सांग. मीही सांगितलं ना.

पत्ता मागे लिहिला आहे. इमारतीला नंबर असतो, आतल्या घरांना नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. आमच्या पेटीवर तीन आडनावं होती, त्यांच्याखाली मी आपलं चिकटवलं आहे. पाकिटावर ते इंग्रजी अक्षरांत, पासपोर्टवर आहे तसंच लिहा. एक अक्षर चुकलं तरी पत्र परत सावद्याला येईल.

तुमची,
ताई