नातवाच्या निवडीबद्दल

मालवण, रविवार

प्रिय वसंता,

तुझं पत्र मिळालं. नातवाची नौदलात वैमानिक म्हणून निवड झाली, हे वाचून मी देवापुढे साखर ठेवली. पण वहिनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, हे वाचून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

जहाजावर विमान उतरवणं खरंच एवढं अवघड असतं का, असं विचारलंस. असतं रे. खोटं कशाला सांगू? पण आपल्याकडे ते पहिल्यांदा कुणी केलं, ते वहिनींना सांग. १८ मे १९६१. लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी सी हॉक हे जेट विक्रांतवर, म्हणजे आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावर उतरवलं. विक्रांत ४ मार्चला बेलफास्टला नौदलात दाखल झालेली, मुंबईला यायला अजून नोव्हेंबर उजाडायचा होता. परक्या थंड पाण्यात, नव्या जहाजावर, सी हॉकमध्ये एकटा माणूस.

डेकवर आडव्या पोलादी वायरी ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटाखालच्या हुकाने त्यातली एक पकडायची असते. मी विक्रांतवर असताना ते रोज बघत होतो. हुक अडकला की वायर सरसर ओढली जायची, पायाखालचा डेक थरथरायचा आणि विमान गचकन थांबायचं. जळक्या तेलाचा वास तर अंगातल्या कपड्यांतून दोन दिवस जायचा नाही. पण खरी गोष्ट पुढे आहे. डेकला चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण जोर देतो. हुक चुकला तर तिरक्या, म्हणजे जहाजाच्या एका बाजूला वळवलेल्या डेकवरून तसंच पुन्हा उडता यावं म्हणून. तुझे बाबा पावसाळ्याच्या तोंडावर होडी किनाऱ्याला लावायचे ते आठवतं? शेवटच्या लाटेला वल्ही सोडायचे नाहीत, आणखी जोरात मारायचे. तेच हे.

ताहिलियानींनी पुढे विक्रांतचं नेतृत्वही केलं. १ डिसेंबर १९८४ ला ते नौदलप्रमुख झाले, त्या पदावर बसलेले पहिले नौदल वैमानिक. १९८७ च्या मे महिन्यात विराट ही आपली दुसरी विमानवाहू नौका दाखल झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. नंतर ते सिक्कीमचे राज्यपालही होते, पण मला त्यांची आठवण त्या पदांपेक्षा डेकवरच्या वायरींमुळे जास्त येते. त्या वायरींवरून पुढे शेकडो मुलं उतरली. त्यांना उतरवायला आम्ही खालची माणसं डोळ्यांत तेल घालून उभे असायचो. एका विमानामागे किती हात असतात, हे वहिनींना नक्की सांग.

पोरगा केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत रुजू होण्याआधी चार दिवस त्याला इकडे पाठव. सकाळी सहाला त्याला बंदरावर नेतो आणि होड्या कशा लागतात ते दाखवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा