डिनर सेट विकायचा नाही

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

माळ्यावरचा जुना डिनर सेट विकायचा का, नि किती येतील, असं विचारलंत. ठरलेलं आधी सांगते. डिनर सेट विकायचा नाही, तुमच्याबरोबर तोही कोथरूडला येतोय. बाबा, माळ्यावरून तो काढायला शिडीवर चढू नका, दादा येऊन काढेल.

आता किंमत. रागावू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बशीच्या पाठीवर ‘मेड इन इंग्लंड’ आहे. अमेरिकेच्या कायद्यामुळे 1891पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लागायचं. तेव्हा बरेचदा नुसतं ‘इंग्लंड’ असे. ‘मेड इन’ बहुधा विसाव्या शतकातलं. म्हणजे इंग्रज साहेबाने पणजोबांना त्याआधीच दिला, ही आपल्या घरातली गोष्ट काही जुळत नाही. आजोबांनीच घेतला असणार, आणि त्यांच्या पगारात घेतला याचं मला जास्त कौतुक आहे.

नक्षी ‘विलो’ नावाची. निळा पूल, त्यावर तीन माणसं, वर दोन पाखरं. अठराव्या शतकाअखेर इंग्लंडात निघाली नि शेकडो कारखान्यांनी काढली, म्हणून लाखांचं स्वप्न सोडा. नेटवर लोक मागतात तो आकडा धरायचा नसतो, प्रत्यक्ष विकलं कितीला ते बघायचं. शिवाय सूपच्या भांड्याचं झाकण कोणी फोडलं ते आपल्याला ठाऊक आहे.

आई, तुला आठवतं? “वरणभात संपव, पाखरं दिसतील,” म्हणायचीस. मी कडेकडेने खात शेवटी पाखरांवरचा घास ठेवायची. आता त्याच ताटलीत तू वाढ, म्हणून तर विकत नाहीये.

पण त्या खोलगट वाडग्यातलं लिंबाचं लोणचं आजच काढ, आणि ते खाऊही नका. झिलईवर जाळीसारख्या बारीक रेघा गेल्यात. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटाने ते उतरतं. वाडगा फक्त शोभेला. लोणच्याला इथे नवी बरणी आणून ठेवलीय, ओटाही तुझ्या उंचीचा करून घेतलाय. बाबांच्या खोलीला सकाळचं ऊन येतं, पेपर तिथेच वाचा.

दादाला सांगा, प्रत्येक ताटलीला टिचकी मारून बघ. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तडा आहे, ती वेगळी ठेव. खोक्यात ताटल्या उभ्या लावायच्या, मध्ये कागद. सोनेरी काठाच्या कपांना तारेची घासणी लावू नकोस, आई. आणि बाबांची बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळी उठल्यावर, डॉक्टरांनी तसंच लिहून दिलंय.

तुमची,
चिमी