एका चालीतली मात

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

एका चालीत मात करायची कोडी तुला एवढी छळतात, कारण तू प्रत्येक वेळी वजिरापासून सुरुवात करतोस. भावा, आधी काळ्या राजाकडं बघ. त्याच्या शेजारचं एकेक घर घे. ते कशामुळं बंद आहे? त्याचंच मोहरं बसलंय, की आपला मारा आहे? जे घर उघडं राहील, ते शह देणाऱ्या चालीनंच बंद व्हायला हवं. खासबागेत पाठ टेकल्याशिवाय कुस्ती चितपट धरत नाहीत. नुसत्या शहाचंही तेच.

पट मांड (घराच्या नावातलं अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा). पांढरे: राजा ए१, उंट सी४, प्यादं एफ७. काळे: राजा एच७, घोडा एच८, प्यादी जी७ आणि एच६. चाल पांढऱ्याची.

प्यादं एफ८वर नेऊन त्याचा वजीर केलास तर शहच बसत नाही. उंट डी३वर नेलास तर शह बसतो, पण जी६वर प्यादं किंवा घोडा आडवा येतो. उत्तर आहे एफ८वर प्याद्याचा घोडा! घोड्याच्या शहाला आडवं काही घालता येत नाही, आणि जी६ही त्याच्याच माऱ्यात येतं. अडतं ते जी८पाशी. ते घर प्यादं राखत होतं, आता ते सुटलं, असं वाटतं. पण प्यादं एफ७वरून निघाल्यावर उंटाची तिरकी वाट थेट जी८पर्यंत मोकळी होते. म्हणून चाल मनात खेळल्यावर रिकाम्या झालेल्या घराकडंही बघायचं. बहुतेक चांगली कोडी तिथंच लपलेली असतात.

दुसरं कोडं छोटं आहे. पांढरे: राजा ई२, वजीर डी२, उंट बी२. काळे: राजा एच८, हत्ती जी८, प्यादं जी७. वजीर एच६वर नेला की मात. 'प्यादं वजीर मारेल' म्हणून ही चाल सोडून दिली जाते. पण ते प्यादं बी२च्या उंटानं पिन केलंय. ते हललं तर राजा उघडा पडतो, म्हणून त्याला हलताच येत नाही. मारणारं मोहरं दिसलं की त्याच्यामागं राजा आहे का, हे आधी तपास.

दुहेरी शह, म्हणजे एकदम दोन मोहऱ्यांचा शह असेल तर मारणं, आडवं घालणं दोन्ही विसर. फक्त राजाची घरं मोज.

एवढं करूनही सापडलं नाही, तर एन पासां (दोन घरं पुढं आलेलं शेजारचं प्यादं, ते एकच घर आल्यासारखं मारणं) आणि कॅसलिंग (राजा दोन घरं हत्तीकडं आणि हत्ती त्याच्या पलीकडं, एकाच चालीत) बघ. एन पासांमध्ये दोन प्यादी आपापल्या घरांवरून उठतात, त्यामुळं एकदम दोन-तीन वाटा उघडतात. मात्र आधीची चाल प्याद्याची दोन घरांचीच होती हे स्थितीवरून सिद्ध व्हावं लागतं. कॅसलिंगचं उलट: राजा किंवा हत्ती आधी हलल्याचं सिद्ध होत नाही तोवर ते चालतं. १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्कर या खेळाडूनं प्रतिस्पर्धी जॉर्ज थॉमसचा राजा जी१पर्यंत ओढत आणला आणि स्वतःचा राजा डी२वर नेऊन हत्तीच्या उघड्या शहानं (राजा वाटेतून हलल्यावर बसणाऱ्या शहानं) मात केली. तिथं वजिराच्या बाजूचं कॅसलिंग केलं असतं तरीही मातच होती. तो शेवट पटावर लावून दोन्ही चाली करून बघ.

तुझा,
मित्र